सासऱ्यांची गाडी आणि माझा शॉर्ट शिफ्टर

३ मार्च, रविवार. सकाळी ११.

गाडी आली. सासऱ्यांची. हिरवी, बुटकी, जमिनीला पोट टेकेल की काय अशी, पंचवीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार. ती आमच्या गॅरेजमध्ये आणि आमची रोजची ऑटोमॅटिक बाहेर उन्हात. कारणं दोन: त्यांच्या गल्लीत पाइपसाठी खड्डे खणलेत, आणि त्यांचा मोतीबिंदू काढलाय. सहा आठवडे गाडी चालवायची नाही. १३ एप्रिलला डॉक्टर डोळ्याचा मागचा पडदा बघून शेवटचं काय ते सांगणार.

सासरे म्हणाले, डॉक्टर हो म्हणाले तर १४ तारखेला येऊन मी गाडी घेऊन जाईन. नाही म्हणाले तर गाडी कोणाला द्यायची ते त्याच दिवशी सांगीन. हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते. निदान पट्टी नसलेला डोळा तरी माझ्याकडे होता.

म्हणजे उघड आहे. मुलगा त्यांना नाही. मुलगी एकच, ती माझी बायको. जावई एकच, तो मी. ही परीक्षा आहे.

सूचना: आठवड्यातून एकदा पाच मिनिटं न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायचं. बाकी कशाला हात लावायचा नाही. मला म्हणाले, काय लेखक, एवढं जमेल ना? (मी मिक्सर, इस्त्री, गीझर वगैरेंची माहितीपत्रकं लिहितो. हे कळलं तेव्हापासून मी त्यांचा लेखक. जन्मभर फिटर आणि मग फोरमन राहिलेल्या माणसाची विनोदबुद्धी.)

गाडी इथपर्यंत हिने चालवत आणली. मी आमच्या गाडीतून मागे होतो. संरक्षण म्हणून.

४ मार्च, सोमवार. संध्याकाळी ६.

ऑफिसातून आल्यावर गाडीत बसून बघितलं. बसणं म्हणजे हात लावणं नव्हे. क्लच दाबून गिअर टाकून पाहिले. अकरा वर्षांनी क्लच दाबला, पण पाय विसरत नाहीत. मांडी थोडी विसरली आहे, तिला गोळा आला.

निरीक्षण: गिअरचा दांडा फार लांब फिरतो. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना कोपर सीटच्या पाठीला लागतं. बादलीत काठी ढवळल्यासारखं वाटलं. एवढी देखणी गाडी आणि सासऱ्यांनी इतक्या वर्षांत त्याचं काही केलं नाही. जुनी माणसं. आहे त्यात समाधान मानतात.

संध्याकाळी ७.१५. व्हिडिओ सापडला. शॉर्ट शिफ्टर नावाची वस्तू असते. मूळ दांडा काढायचा, हा आखूड चालीचा बसवायचा. मग मनगट जरासं हलवलं की गिअर पडतो. व्हिडिओतला टोपीवाला माणूस हे सगळं अकरा मिनिटांत करतो, आणि त्यातली दोन मिनिटं तो स्वतःच्या कुत्र्याबद्दल बोलतो.

निश्चय: १४ एप्रिलला सासरे गाडीत बसतील, गिअर टाकतील, आणि थबकतील. विचारतील, हे कोणी केलं? मी काहीच बोलणार नाही. फक्त हसेन. मग किल्ली.

७ मार्च, गुरुवार.

शिफ्टर मागवला. हिला सांगितलं, बाथरूमसाठी नळ मागवलाय. ही म्हणाली, बाथरूमचा नळ चांगला आहे की. म्हटलं, अजून चांगला. विषय संपला. संशय येऊ न देण्याचं कौशल्य माझ्यात उपजत आहे.

९ मार्च, शनिवार. दुपारी १.

पार्सल आलं. हिनेच घेतलं. हातात तोलून बघितलं आणि म्हणाली, बराच भरीव नळ आहे. पुढे काही नाही.

वस्तू अप्रतिम. चकचकीत पोलादी दांडा, मध्ये गोळा, खाली निमुळतं टोक, वर किंचित बाक. सोबत सूचनांचा कागद. चौदा वाक्यं, पैकी नऊमध्ये क्रियापद चुकलेलं. मी धंद्यातला माणूस, राहवलं नाही. लाल पेनाने सगळा कागद दुरुस्त केला. आता वाचायला छान झालाय. वाचला मात्र नाही. जो सूचना लिहितो त्याला दुसऱ्याच्या सूचना वाचायची गरज नसते.

उद्या सकाळी १० ते १०.४०. मी नवखा म्हणून वेळ चौपट धरली आहे. याला म्हणतात प्लॅनिंग.

१० मार्च, रविवार. सकाळी १०.२५.

पायरी पहिली: दांड्यावरचा लाकडी नॉब काढणे. टोपीवाला तो नुसता फिरवून काढतो. आपला फिरेना. टॉवेल गुंडाळून फिरवला. फिरेना. मग दोन्ही हातांनी धरून, दोन्ही पाय डॅशबोर्डला लावून वर ओढला.

निघाला.

सकाळी ११. डाव्या डोळ्यावर बर्फ धरून लिहितोय. नॉब शाबूत आहे. लाकूड उत्तम प्रतीचं असावं. ही विचारायला आली, काय झालं. म्हटलं, नळ लागला. तिने बर्फाची दुसरी पिशवी आणून दिली आणि म्हणाली, बाबांच्या गाडीशी काही करायचं असेल तर मला हाक मारा. म्हटलं, तू कशाला त्रास घेतेस?

आजचं काम यशस्वी. पायरी पहिली पूर्ण.

११ मार्च, सोमवार.

डोळा जांभळा. ऑफिसात साहेबांनी विचारलं. सांगितलं, ट्रान्समिशनचं काम करत होतो. साहेब म्हणाले, हं. मग दुपारभर मला गीझरच्या पत्रकातलं सुरक्षेचं पान लिहायला दिलं.

फोनवर सासऱ्यांनी गाडीची चौकशी केली. म्हटलं, मजेत आहे. ते म्हणाले, तिच्या आवाजावरून कळतं मजेत आहे की नाही, जरा इंजिन चालू करून फोन तिच्याजवळ धरा. धरला. ते बराच वेळ ऐकत राहिले. मला वाटलं फोन कटला. मग म्हणाले, ठीक आहे, आणि ठेवला. हळवे झाल्यासारखे वाटले. कदाचित डोळ्यातल्या औषधाने असेल.

१६ मार्च, शनिवार. दुपारी ४.

आज मोठी मजल. दांड्याभोवतीचं प्लास्टिकचं खोकं, म्हणजे कन्सोल, काढलं. सहा स्क्रू, पैकी पाच सापडले. चामड्याची पिशवी काढली, तिच्या खालचं रबर काढलं, त्याखाली तीन बोल्ट, दहाच्या पान्याचे. दांडा अलगद वर आला. खाली गिअरबॉक्सचं भोक. आत काळंकुट्ट तेल. माझा ऊर भरून आला. आयुष्यात प्रथमच मी एखाद्या यंत्राच्या पोटात पाहत होतो, आणि तेही माझ्याकडे विश्वासाने पाहत होतं.

आढळलेल्या त्रुटी:

एक. दांड्याखाली एक जाडजूड धातूची रिंग आहे. व्हिडिओत अशी रिंग नाही. कंपनीकडून चुकून जास्तीची बसली असावी. काढून टाकणार होतो, पण जास्तीची वस्तू बाद का करा? नव्या दांड्याखालीही तीच घालेन. मजबुती येईल.

दोन. दांड्याच्या कॉलरवर, रिंगवर आणि दांडा ज्यात बसतो त्या खालच्या घरावर, तिन्ही ठिकाणी एकाशेजारी एक दोन खड्डे. बारीक, मोहरीएवढे. गंज लागायची सुरुवात. सासऱ्यांचं दुर्लक्ष, पण त्या वयात दिसणार कसं? पॉलिशपेपर घेऊन पाऊण तास घासले. रिंगवरचे तर बोटालासुद्धा लागत नाहीत आता. आरशासारखी झाली.

हे काम मी सांगणार नाही. नजरेला येईल तेव्हा येईल.

१७ मार्च, रविवार. दुपारी १२.

रिंग ठेवली. नवा दांडा उचलला. त्याच्यावर एक नागमोडी वॉशर बसतो. तो माझ्या हातात होता. मग नव्हता.

टुण्णकन आवाज आला. आत.

दुपारी १२.२०. गिअरबॉक्सच्या तेलात सुटा वॉशर म्हणजे काय, ते टोपीवाल्याच्या दुसऱ्या एका व्हिडिओत पाहिलं. तो व्हिडिओ दोन तासांचा आहे आणि त्यात तो हसत नाही.

दुपारी २. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांना बोलावलं. देवमाणूस. रविवारची झोप सोडून बॅग घेऊन आले. कपाळाला दिवा, हातात तो छोटा गोल आरसा. दोन्ही सीटवर आडवे झाले, पाय दाराबाहेर, आणि आत वाकून सवयीने म्हणाले, अजून थोडं उघडा. म्हटलं, एवढंच उघडतं. म्हणाले, हं, मागे उजवीकडे आहे, दुखेल थोडं. चिमट्याने एका मिनिटात वॉशर काढला आणि तेल पुसायला कापूस लावला.

जीव भांड्यात पडला. आभार मानले. जाता जाता त्यांनी विचारलं, हे तुम्ही का करताय? म्हटलं, सासऱ्यांसाठी. म्हणाले, त्यांना माहीत आहे का? मी त्यांना चहा हवा का विचारलं.

२३ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५.

बसला! तीन बोल्ट, रबर, चामडं, कन्सोल, पाच स्क्रू, नॉब. सगळं जागच्या जागी. एकट्याने.

नवा दांडा जरा पुढे झुकलेला दिसतो. टोपीवाल्याचा मागे, चालकाकडे झुकलेला होता. मॉडेल वेगळं असेल. पुढे झुकलेला जास्त वेगवान दिसतो, असं माझं मत.

पहिला गिअर टाकला की बोटं रेडिओच्या बटणावर आपटतात आणि रेडिओ लागतो. हा फायदा धरायला हरकत नाही.

चाल भलतीच आखूड आली आहे. अपेक्षेपेक्षाही. अंगठ्याच्या नखाएवढी. गिअर पडला की नाही हे जवळजवळ श्रद्धेवर घ्यावं लागतं. टोपीवाल्याचा एवढा आखूड झाला नव्हता. त्याच्याकडे रिंग कुठे होती म्हणा.

हिने गॅरेजच्या दारात उभं राहून पाहिलं. नळ बसला का, विचारलं. म्हटलं, बसला. म्हणाली, मग पाणी येतंय का बघा. ही कधी कधी फार गूढ बोलते.

२४ मार्च, रविवार. सकाळी ८.३०.

ट्रायल. हसू मावत नाहीये, निघतो. तपशील नंतर.

सकाळी ९.४०. तपशील.

पहिला टाकला. रेडिओवर हवामानाचा अंदाज सुरू झाला, पूर्ण आवाजात. गाडी तीनदा बंद पडली, चौथ्यांदा निघाली. दुसरा मिळाला. तिसऱ्याला बोटं धोक्याच्या दिव्यांच्या बटणावर गेली आणि चारही दिवे लुकलुकायला लागले. पुढच्या गाड्या बाजूला झाल्या. लोकांनी आदराने वाट दिली. चौथा शोधला, दुसरा सापडला. इंजिनाने असा आवाज काढला की फुटपाथवरच्या एका आजीबाईंनी कानावर हात ठेवले. मग पुन्हा हवामान. दुपारनंतर ढगाळ.

परत आल्यावर गेटातून आत घ्यायची होती. पहिला टाकला. पहिला आणि रिव्हर्स यांच्यात आता केसाएवढं अंतर उरलंय. गाडी मागे गेली. मागे कचऱ्याचा डबा होता.

गाडीला काही झालं नाही. डबा आता पसरट आहे.

सकाळी १०.३०. हिने सगळं खिडकीतून पाहिलं होतं. खाली आली. ओरडली नाही, तेच वाईट. गाडीत बसली, दांडा एकदा इकडे, एकदा तिकडे हलवला, आणि विचारलं, दांडा उलटा का बसवलाय? म्हटलं, उलटा नाही, पुढे झुकलेला आहे. म्हणाली, ठिपके जुळवले होते का? म्हटलं, कसले ठिपके?

ही गाडीतच बसून राहिली.

मग तिने सांगितलं. फिटर माणूस कुठलीही वस्तू उघडण्याआधी दोन्ही भागांवर पंचने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, शेजारी शेजारी ठिपके मारतो. परत बसवताना ठिपक्यासमोर ठिपका आला की काम बरोबर. तिच्या बाबांनी घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मारलेत. शिवणयंत्रावर. खिडकीच्या बिजागऱ्यांवर. तिच्या शाळेच्या कंपासपेटीच्या झाकणावरसुद्धा. ती म्हणाली, गिअरवर नक्की असतील, मोहरीएवढे, दोन दोन, बघितले असतील तुम्ही.

मी म्हटलं, बघितले.

आणि ती रिंग कंपनीची नव्हे. वीस वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः लेथवर बनवून घातली, गिअरची मूळची याहूनही लांब चाल आखूड करायला. म्हणजे मी जे करायला निघालो ते त्यांनी आधीच केलेलं होतं. त्यावर मी पुन्हा केलं.

एक गोष्ट मात्र लक्षात घेण्यासारखी. सासऱ्यांची आणि माझी विचारसरणी एकच निघाली.

२५ मार्च, सोमवार.

ही म्हणाली, मी करते नीट, तासाभराचं काम आहे. म्हटलं, नको. मी उघडलंय, मीच बंद करणार. ही म्हणाली, चौदा तारखेआधी. म्हटलं, तुझ्या बाबांच्या आधी मी तुला शब्द देतो. या वाक्याचा नेमका अर्थ काय ते मलाही कळलं नाही, पण ठसक्यात आलं.

३० मार्च, शनिवार. दुपारी ३.

योजना साधी. नवा दांडा काढायचा, जुना घालायचा. पण ठिपके नाहीत. रिंग तीन प्रकारे बसते. उलटी केली तर आणखी तीन. दांडा दोन प्रकारे. एकूण बारा. बारा फार नाहीत. प्रत्येकाला एक तास.

प्रयोग १. पाचवा पडत नाही.
प्रयोग २. फक्त रिव्हर्स पडतो.
प्रयोग ३. सगळे पडतात. कोणता पडला ते कळत नाही.
प्रयोग ४. एकही पडत नाही, पण फार गुळगुळीत.

आजपुरतं पुरे. कंबर धरली आहे.

३१ मार्च, रविवार. सकाळी ११.४५.

प्रयोग ५. दुसरा पडला तो निघेना. लाथ मारून काढला. (सीटला मारली. दांड्याला नव्हे.)
प्रयोग ६. तीनप्रमाणेच.
प्रयोग ७. टक्.

दांड्याच्या टोकाला नायलॉनची एक वाटी असते, बोटाच्या पेराएवढी. तिचे दोन तुकडे झाले. आता दांडा नुसता गोल गोल फिरतो, कशालाच लागत नाही. प्रयोग ८ ते १२ रद्द.

दुपारी. सासऱ्यांचा फोन. डोळ्यातलं औषध बंद झालं. म्हणाले, रोज गच्चीवर जाऊन लांबच्या पाटीवरची अक्षरं वाचायचा सराव करतोय. कालपेक्षा आज एक ओळ जास्त वाचली. एकदा तरी ती गाडी नदीच्या रस्त्याने नेऊन आणायची आहे, मग डॉक्टर काय म्हणायचं ते म्हणू दे. मग विचारलं, इंजिन चालू करता ना? म्हटलं, दर आठवड्याला. ते खरं आहे. तेवढंच खरं आहे.

जेवण गेलं नाही. भीती वाटते. त्यांची नाही. त्या माणसाने माझ्यावर आजवर एकच काम सोपवलं, आणि ते काहीही न करण्याचं होतं.

३ एप्रिल, बुधवार.

कबुली देण्याचं ठरवलं. लेखी. माझ्या क्षेत्रात मी उणा पडत नाही. मसुदा पहिला: आपल्या वाहनाच्या सुधारणेदरम्यान काही घटक विलग झालेले आढळल्यास घाबरू नये. बरा आहे, पण हस्तलिखितात शोभत नाही.

मसुदा दुसरा: उंदीर. उंदीर चामडं खातात, नायलॉन खातात. बोल्ट उघडतात का, हा प्रश्न येऊ शकतो.

मसुदा तिसरा: बाबा, चूक झाली. हा फार आखूड वाटतो.

७ एप्रिल, रविवार. सकाळी ९.

एक आठवडा उरला. हिला म्हटलं, जरा टॉर्च धरायला येतेस? मदत कर असं म्हणवेना. ती लगेच आली. केस वर बांधले होते आणि जुना शर्ट घातला होता. तयारच होती की काय, कोण जाणे. बहुतेक चौदा दिवसांपासून.

टॉर्च तिने तीन मिनिटं धरला. मग माझ्या हातात दिला.

डिकीत सासऱ्यांचा हत्यारांचा पत्र्याचा डबा आहे. त्यात नायलॉनच्या दोन जादा वाट्या निघाल्या, कागदात गुंडाळून, वर त्यांच्या अक्षरात गिअरची वाटी असं लिहिलेलं. मी डबा कधी उघडला नव्हता. हात लावायचा नाही असं सांगितलं होतं ना.

तिने वाटी बसवली, ग्रीस लावलं, रिंग ठेवली, दांडा ठेवला आणि डोळे मिटले. मी टॉर्च तिच्या डोळ्यांवरून बाजूला केला. म्हणाली, टॉर्चचा प्रश्न नाही, हाताला ऐकू येतं. लहानपणी बाबा तिला डोळे मिटून नटबोल्ट ओळखायला लावायचे म्हणे. रिंग जराशी फिरवली. अजून जराशी. मग थांबली. म्हणाली, हे. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, रिव्हर्स. प्रत्येक गिअर दार लागावं तसा लागला.

पन्नास मिनिटं. मी मार्गदर्शन केलं. म्हणजे दोनदा म्हटलं, सांभाळून.

तिच्या नाकाला ग्रीस लागलं होतं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि ही बाई हे सगळं करू शकते हे मला माहीत नव्हतं. तिला विचारलं, कधी सांगितलं का नाहीस? म्हणाली, कधी विचारलंत का?

सहावा स्क्रू तिच्या सीटखाली सापडला. तोही तिलाच.

दुपारी. शांतपणे विचार केला. झालं ते उत्तमच झालं. गाडी पूर्वीसारखी आहे, किंबहुना जास्त चांगली, कारण नवं ग्रीस. सासऱ्यांना सांगायची गरजच नाही. मसुदे फाडले. रविवारी नवा शर्ट घालेन.

१३ एप्रिल, शनिवार. दुपारी १.

डॉक्टर नाही म्हणाले. पडदा खराब आहे. घरात वावरतील, वाचतील, पण गाडी चालवायची नाही. पुन्हा कधीच नाही.

सासऱ्यांनी फोनवर हिला एवढंच सांगितलं, उद्या दहाला येतो. ही फोन ठेवून सिंकपाशी उभी राहिली आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागली. मी जवळ गेलो. पाठीवर हात ठेवला. तिने नळ सोडून ठेवला, मोठा, म्हणजे मला ऐकू येऊ नये.

मलाही वाईट वाटलं. मनापासून वाटलं. त्याच वेळी मनात आलं, की म्हणजे उद्या ते सांगणार. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं हे खरं.

१४ एप्रिल, रविवार. दुपारी १२.

सासरे बसने आले. पावणेदहालाच. इस्त्रीचा शर्ट, काळा चष्मा. चहा नको म्हणाले. सरळ गॅरेजमध्ये गेले आणि गाडीत चालकाच्या जागी बसले. दार ओढून घेतलं. इंजिन चालू केलं नाही. चष्मा काढून डोळे मिटले, क्लच दाबला आणि एकेक गिअर टाकत गेले. पहिल्यापासून पाचव्यापर्यंत, मग एकेक खाली. मध्येच स्टिअरिंग जरासं डावीकडे वळवलं. मला वाटतं तो नदीचा रस्ता असावा. ही माझ्या शेजारी उभी होती, तिने माझा दंड घट्ट धरला होता.

मग त्यांचा हात थांबला. नाक वर करून त्यांनी हुंगलं. म्हणाले, नवीन ग्रीस आहे. गाडी कोणीतरी उघडली होती.

मी नव्या शर्टात उभा. तोंड उघडलं. शपथेवर लिहितो, सांगणारच होतो. काय सांगणार होतो ते ठरलं नव्हतं, पण सांगणार होतो.

तेवढ्यात ही म्हणाली, मी उघडली, बाबा.

मला वाचवायला म्हणाली. मला कळलं. एकोणीस वर्षांत तिला बाबांशी खोटं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते माझ्यासाठी.

सासऱ्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. शिव्या येणार म्हणून मी एक पाऊल पुढे झालो, तिच्या आणि गाडीच्या मध्ये. मग ते हसले. असे हसले की खांदे हलले. म्हणाले, मला वाटलं लेखकांनी उघडली. सहा आठवडे त्याच काळजीत होतो. फोनवर विचारायचा धीर होत नव्हता. तू उघडलीस होय. मग बरोबर. हात लागला की कळतंच, नीट बसलंय. मी बसवलं होतं त्याहून चांगलं.

आणि खिशातून दुसरी किल्ली काढून त्यांनी तिच्या हातात ठेवली. म्हणाले, ठरवायचं काय त्यात? तुझीच आहे.

हिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी विचारत होती, सांगू का? सांगितलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं. दांडा, वॉशर, ठिपके, डबा, टक्. मी मान हलवली. नको. आयुष्यातला सर्वांत छोटा निर्णय, पण तेवढा एक मी आज बरोबर घेतला.

मग ते सरकून बाजूच्या सीटवर गेले, ही चालकाच्या जागी बसली. गाडीचं कापडी छत मागे दुमडलं. मीही निघायला पुढे झालो आणि जागच्या जागी थांबलो. गाडीला दोनच सीट आहेत. इतके दिवस मी तिच्यात एकटाच बसत होतो, त्यामुळे हे कधी जाणवलं नव्हतं.

सासऱ्यांनी मला प्रेमाने हाक मारली. म्हणाले, लेखक, गेट तेवढं उघडा. उघडलं. नदीच्या रस्त्याने जाऊन येतो म्हणाले. कोपऱ्यावर हिने पहिल्यातून दुसरा टाकला. आवाजसुद्धा आला नाही. सासऱ्यांनी मान मागे टाकली होती. पांढरे केस वाऱ्यावर उडत होते आणि ते हातवारे करून हिला काहीतरी सांगत होते. फार सुखात दिसले.

दुपारी ३.

अजून आले नाहीत. दातांचे डॉक्टर कुंपणावरून विचारत होते, कोणाला मिळाली? सांगितलं, हिला. म्हणाले, अरे वा, आणि तुमचं ते काम सासऱ्यांना आवडलं का? म्हटलं, फार आवडलं.

हे दुसरं कोणी वाचणार नाही, म्हणून एकदा स्वच्छ अक्षरात लिहून ठेवतो. बंद हिने केली, त्याचं श्रेय तिचंच. पण गाडी उघडली होती मी.